डाव्या ड्रॉवरमधला फॉर्म

उदगीर, ५ डिसेंबर १९८२

म्हणून मी त्या बाईचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. तिने माझा हंडा रांगेतून उचलून पार शेवटी नेऊन ठेवला होता. "तुमाला काय कमी हाय," ती म्हणाली, "भुसार दुकानवाले तुम्ही. ज्वारीच प्या." बायका हसल्या. मी म्हटलं, हंडा होता तिथं ठेव. टँकरवाला पाईप हातात धरून वरून बघत होता. शेवटी शेजारच्या लक्ष्मीबाईंनी हंडा जागेवर आणला. "सोड गं आता," त्या मला म्हणाल्या, "तिचं मनगट हाय ते, पेन न्हाई तुझं."

मामा, पत्र मधूनच सुरू होतंय. पहिलं पान रांगेत बसून लिहिलं होतं, ते भिजलं. त्याच्यावर तुम्ही सांगितलेली 'पुट' या इंग्रजी शब्दाची दहा वाक्यं होती. मागच्या पानावर ती पुन्हा लिहिली आहेत. पहिलं वाक्य आजच्याच गोष्टीवर आहे: बाईने माझा हंडा शेवटी ठेवला. पाचवं असं: नगरपालिकेने हापशाला कुलूप घातलं. एकाच शब्दात ठेवणं, घालणं, लावणं सगळं बसतं. आमची मावशी अशीच होती, स्वयंपाकाला, बाळंतपणाला, भांडणाला, कुठेही चालायची.

माझी मैत्रीण सिंधु लातूरला कलेक्टर कचेरीत टायपिस्ट लागली, तुम्हाला कळलं असेल. ऑगस्टमध्ये जिल्हा झाला तरी फायली अजून उस्मानाबादहून ट्रकने येतायत, ती सांगते. खुर्च्या कमी आहेत. पण माणसंही कमी आहेत. उन्हाळ्यात लिपिकांच्या जागा निघतील. दहावी पास लागते. मी सगळ्यात पास आणि इंग्रजीत एकोणतीस. सहा मार्कांसाठी साडेतीन वर्षं घरात बसले.

नांदेडला तुमच्या शाळेतून दहावी दिली, म्हणून पुन्हा बसायचा फॉर्मही तिथूनच जातो. नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता. दिवाळीनंतर फॉर्म, गुणपत्रिका आणि तीन फोटो तुमच्या हातात दिले होते. फोटोंच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर इंग्रजीत सही केली आहे, तुम्ही सांगितली तशी. फॉर्म दिलात का?

पाकिटावर आता जिल्हा लातूर लिहा. तुम्ही उस्मानाबाद लिहिता, पत्र फिरून येतं.

तुमची,
महानंदा

---

नांदेड, ११ डिसेंबर १९८२

चि. महानंदा,

अनेक आशीर्वाद. तुझी वाक्यं लाल शाईने तपासून परत पाठवत आहे. दहापैकी सहा बरोबर. पाचवं उत्तम.

पेपरात शब्दांच्या वापराचा प्रश्न हमखास असतो. मुलं शंभर शब्द पाठ करतात आणि एकही वापरू शकत नाहीत. त्यापेक्षा एक शब्द पूर्ण येऊ दे. 'पुट' लहान आहे, पण त्याच्यामागे दुसरा शब्द जोडला की तो वेगळंच काम करतो. 'पुट ऑन' म्हणजे अंगावर घालणं, 'पुट आउट' म्हणजे विझवणं, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं. याची दहा वाक्यं कर. वाक्यं घरातली घे, पुस्तकातली नको.

फॉर्मची काळजी माझ्यावर सोड.

इथे नळाला दिवसाआड पाणी येतं. मी मागच्या खोलीला मोरी बांधून घेतली आहे आणि भिंतींना रंग द्यायचा विचार आहे. कोणता बरा दिसेल? बायकांना त्यातलं कळतं.

आक्काला व भाऊजींना नमस्कार.

तुझा,
गुरुलिंगमामा

---

उदगीर, २ जानेवारी १९८३

मामा, शरणार्थ.

दहा वाक्यं मागे आहेत. घरातली घे म्हणालात, घरातलीच घेतली. तिसरं: आईने माझी पुस्तकं ज्वारीच्या कणगीत घातली. चौथं: बाबांनी माझा दिवा विझवला. सातवं: आई रोज नवीन साडी नेसायला सांगते आणि कारण सांगत नाही.

आई पूर्वी अशी नव्हती. दिवाळीपर्यंत विचारायची, "आलं का गं तुझं इंग्रजी?" आता पुस्तक उघडलं की तिला काम आठवतं. बाबांना तर लातूरचं नाव काढलेलं चालत नाही. परवा जेवताना म्हणाले, "जिल्हा झाला तर काय आपल्या घरात कलेक्टर जन्मला का?" मी म्हटलं, "कलेक्टर नाही, क्लार्क." ते म्हणाले, "ते बी न्हाई." ताट सारून उठले. आईने मलाच रागवलं, बाप उपाशी उठला म्हणून. तो उपाशी नव्हता. चार भाकरी खाऊन झाल्या होत्या.

तुम्ही त्यांना एक पत्र लिहा. तुमचं ऐकतील. इंग्रजीचा मास्तर म्हणून तुमचा धाक आहे.

'पुट' पुरे झाला ना? आता पुढचा शब्द द्या. पेपर चौदा मार्चला आहे.

रंग पिवळा द्या. मला कशाला विचारता, मी कुठे राहणार आहे तिथे?

महानंदा

---

नांदेड, १० जानेवारी १९८३

चि. महानंदा,

वाक्यं तपासली. दहापैकी आठ. तिसऱ्यात 'कणगी' मराठीतच लिहिलीस, तिथे 'बिन' लिही. चौथ्यात शब्दांचा क्रम चुकला आहे, दुरुस्त केला आहे. सातवं बरोबर.

पुढच्या शब्दाची घाई नको. 'पुट अवे', 'पुट बाय', 'पुट अप विथ' राहिले आहेत. शेवटच्याचा अर्थ सोसणं. बिनतक्रार सोसणं. त्याची दहा कर.

आई-वडील जे करतात त्यामागे विचार असतो. घरातलं ऐकत जा. मी वेगळं पत्र लिहीत नाही, त्यांचा गैरसमज व्हायचा.

पिवळा दिला.

मामा

---

उदगीर, ६ फेब्रुवारी १९८३

मामा,

सोसण्याची दहा वाक्यं मागे आहेत. सोपी गेली.

मागच्या पत्राचं उत्तर वाचून मला राग आला, तो लिहून टाकते. आईने पुस्तकं कणगीत घातली, हे वाचून तुम्हाला 'बिन' आठवलं. दिवा विझवला, तर शब्दांचा क्रम आठवला. मी ती वाक्यं तपासायलाच पाठवली होती हे खरं. पण तुम्ही मामाही आहात.

पुस्तकं मी काढली. ज्वारीचा भुसा पानापानात गेला आहे. आता दुपारी लक्ष्मीबाईंच्या पडवीत बसून वाचते. त्या विचारतात, "काय वाचून राहिलीस?" मी सांगते, 'पुट'. दुसऱ्या दिवशी परत विचारतात, मी परत सांगते, 'पुट'. काल म्हणाल्या, "लई मोठा दिसतोय की गं हा शब्द. संपंना झालाय."

दोन महिने झाले. अजून तोच शब्द. बाकीच्या पेपराचं काय? निबंध, पत्र, उतारा?

हॉल तिकिटं या महिन्यात येतात असं सिंधु म्हणते. आलं का? टपालाने पाठवा किंवा मी येऊन नेते.

महानंदा

---

नांदेड, १२ फेब्रुवारी १९८३

चि. महानंदा,

रागात लिहिलेलं पत्र एक दिवस ठेवून मग टाकावं. दहापैकी दहा आहेत. शाबास.

हॉल तिकिटांचं प्रत्येक वर्षी पुढे-मागे होतं. तू इकडे येण्याची दगदग करू नकोस. आमच्याकडचे लोक लवकरच उदगीरला येणार आहेत. तेव्हा सगळं समजेल.

'पुट अप' उरला आहे. त्याचे अर्थ पाच. पाहुण्याला घरात ठेवून घेणं हाही त्यातलाच.

मामा

---

उदगीर, २१ फेब्रुवारी १९८३

तुमचे लोक आले होते. सगळं समजलं.

काल दुपारी थोरले माणिकप्पामामा आले. मला वाटलं, हॉल तिकीट घेऊन आले. मी चहा घेऊन बाहेर गेले. बैठकीवर बाबा होते, पत्रिका जुळवायला बोलावलेले स्वामी होते आणि थोरले मामा. स्वामी म्हणाले, "मुलगी समोर हायच, पन पत्रिकेसंगं फोटो असू द्या." थोरल्या मामांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून फोटो काढला. म्हणाले, "गुरुलिंगनं दिलाय. लई जपून ठेवला होता. फोटोत जरा बारीक दिसते, पन हाय तब्येतीनं बरी."

मी बशी ठेवायला वाकले होते. फोटोच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर माझी सही होती. इंग्रजीत. एमचा पाय तुम्ही सांगितला तसा वळवलेला.

मी बशी नीट ठेवली. आत आले आणि आईला विचारलं, हा फोटो फॉर्मचा आहे, यांच्याकडे कसा? आई कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "फॉर्म न्हाई अन् फिर्म न्हाई. दिवाळीतच बोलनं झालंय. मामाचा हक्क असतो, ठाऊक न्हाई का तुला? माझी आई दिली न्हाई का तिच्या मामाला? घरचं पोरगं, मास्तर मानूस, मारायचा न्हाई, प्यायचा न्हाई. यंदा दुष्काळ हाय, माणसं थोडी बोलवली तरी कुनी नाव ठेवायचं न्हाई. सोमवारी सात तारखेला साखरपुडा. तुला शेवटी सांगायचं म्हनला गुरुलिंग. अभ्यासात हाय, म्हनला, मन उडंल."

मन उडेल म्हणालात.

मी रात्री तुमची सगळी पत्रं काढून वाचली. फॉर्म दिला असं तुम्ही एकदाही लिहिलेलं नाही. काळजी माझ्यावर सोड. पुढे-मागे होतं. दगदग करू नकोस. खोटं एकही वाक्य नाही. मास्तर आहात, वाक्यं जपून करता.

आणि तीन महिने एकच शब्द. मला वाटायचं, तुम्ही कडक आहात. मला वाटायचं, हीच पद्धत असेल. पुढचा शब्द का देत नव्हता ते आता कळलं. पुढे परीक्षाच नव्हती.

मी सोळा वर्षांची असताना तुमच्या घरी राहून शिकले. तुम्ही मला शिकवत होतात की थांबून होतात? मला हे एकच विचारायचं आहे. सरळ उत्तर द्या. आणि माझी गुणपत्रिका रजिस्टरने पाठवा.

महानंदा पंचाक्षरी

---

नांदेड, २५ फेब्रुवारी १९८३

महानंदा,

सरळ लिहितो.

तू आमच्याकडे होतीस तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. घरातले बोलायचे. मी गप्प बसायचो. पुढे ऐकून ऐकून तेच खरं वाटू लागलं. आपल्यात मुलीला आधी मामाच बघतात, तू हे लहानपणापासून पाहिलं आहेस. मी काही नवीन केलेलं नाही.

दिवाळीत माणिकप्पा अण्णांनी भाऊजींशी बोलणं केलं. मला विचारलं, मी हो म्हणालो. त्यानंतर चार दिवसांनी तू फॉर्म घेऊन आलीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. तू इतक्या उत्साहात होतीस, की मी फॉर्म घेतला आणि भरला. संपूर्ण भरला आहे. तीनदा कार्यालयाच्या दारापर्यंत गेलो. मग मनात यायचं, ही पास झाली की लातूरला जाईल, मग नांदेडला कशाला येईल? तारीख गेली.

माझा विचार होता, लग्नानंतर तुला ऑक्टोबरला बसवायचं. मी स्वतः रोज शिकवलं असतं. अजूनही शिकवीन. नोकरीला मी नको म्हणणार नाही, नांदेडमध्ये असली तर. तुला माझ्यापेक्षा जास्त समजून घेणारा कोण मिळणार आहे? आक्काला विचार.

फॉर्म, गुणपत्रिका, उरलेले दोन फोटो माझ्याकडे सुखरूप आहेत. शाळेत, शिक्षकांच्या खोलीत, माझ्या टेबलाच्या डाव्या ड्रॉवरमध्ये. कुलूपसुद्धा नाही. मी लपवलेलं नाही. सोमवारी येऊ तेव्हा गुणपत्रिका घेऊन येईन. त्या दिवशी शाळेतून रजा टाकली आहे.

तू रागात आहेस. राग जाईल. थोडं सोस.

गुरुलिंग

---

उदगीर, २ मार्च १९८३

सोबत तुमचं पत्र तपासून परत पाठवत आहे. लाल शाई बाबांच्या दुकानातली आहे.

तिसऱ्या ओळीखाली रेघ मारली आहे. 'मी गप्प बसायचो.' हे बरोबर आहे, एवढंच बरोबर आहे.

'आपल्यात मुलीला आधी मामाच बघतात.' अपूर्ण. बघितल्यावर विचारतात, हे राहिलं. आजीला विचारलं होतं की नाही, माहीत नाही. मला विचारलं नाही. तुम्हाला विचारलं, तुम्ही हो म्हणालात. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

'मी काही नवीन केलेलं नाही.' खोडलं. फॉर्म भरून ड्रॉवरमध्ये ठेवायची रीत आपल्यात कधी नव्हती. ती तुमची.

'मी लपवलेलं नाही.' खोडलं.

'नोकरीला मी नको म्हणणार नाही.' खोडलं. तुम्हाला विचारलंय कुणी?

'थोडं सोस.' त्याची दहा वाक्यं करून झाली. तुम्ही दहापैकी दहा दिले होते. आता तो धडा संपला.

मी आईला 'नाही' असं सांगितलं. ती म्हणाली, "तोंड बघ केवढं केलंय, सोमवारी पाहुन्यांसमोर असं बसू नको." बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "शब्द दिलाय." मी म्हटलं, तुम्ही दिलाय. ते दुकानात निघून गेले. त्यांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. चार दिवस झाले, बोलत नाहीत. मीही बोलत नाही. आई दोघांच्या मध्ये भाकऱ्या थापते आणि एकटीच बोलते.

तुम्ही माझा चौदा मार्चचा पेपर काढून घेतलात. तो आता कुणाला परत देता येणार नाही, बोर्डालासुद्धा. उन्हाळ्यातल्या जागा भरून जातील. सिंधुच्या शेजारच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल. दर वेळी पाणी भरायला जाताना मला हे आठवतं आणि हंडा रिकामा असला तरी जड होतो. सहा मार्कं मी मिळवली असती. तुम्हाला माहीत होतं मी मिळवीन. त्याचीच तुम्हाला भीती होती.

भिंतीचा पिवळा रंग खरवडून काढा.

महानंदा

---

लातूर, मंगळवार, ८ मार्च १९८३
(पोस्टकार्ड)

गुरुलिंगमामा,

सोमवारी पहाटे मी हंडा घेऊन टँकरच्या रांगेला गेले. हंडा रांगेत लक्ष्मीबाईंजवळ ठेवला आणि तिथूनच स्टँडवर. नांदेडची पहिली बस मिळाली. मुखेडच्या अलीकडे एक जीप समोरून गेली, टपावर केळीचे घड बांधलेले. तुमचीच असेल.

शाळेत भुजंग क्लार्क भेटले. "अहो, गुरुजी तर साखरपुड्याला उदगीरला गेलेत. तुमच्याच ना? मग तुम्ही इथं काय करून राहिलात?" मी म्हटलं, माझी गुणपत्रिका राहिली होती. त्यांनी ड्रॉवर स्वतः उघडून दिला. गुणपत्रिका आणि दोन फोटो घेतले. फॉर्म तिथेच आहे. तुम्ही जिल्ह्याच्या रकान्यात उस्मानाबाद लिहिलं आहे. तो दिला असता तरी परत आला असता. मी त्याखाली लाल रेघ मारली आहे. ऑक्टोबरचा कोरा फॉर्म भुजंगरावांनी पोस्टाने पाठवायचं कबूल केलंय, सिंधुच्या पत्त्यावर. तो माझा मी भरीन.

आईला सांगा, हंडा लक्ष्मीबाईंकडे आहे.

आज सकाळी दहाला सिंधुबरोबर सेवायोजन कार्यालयात गेले. पाटीचा रंग ओला होता. नाव नोंदवलं. शिक्षण: दहावी अनुत्तीर्ण. लग्न: नाही. जिल्हा: लातूर. खाली सही केली. नंबर ४१२ मिळाला.

महानंदा